वाचकांचे प्रश्न : चूल धुपते, बंब गळतो

सरपणावरच्या चुली, बंब आणि शेगड्यांविषयी आलेल्या पत्रांतून निवडलेले पाच प्रश्न.

प्रश्न : आमच्याकडे दोन भांड्यांची, धुराडं असलेली निर्धूर चूल आहे. पहिली दोन वर्षं छान चालली. आता धूर तोंडातूनच घरात येतो आणि मागच्या वैलावर (भांडं ठेवायच्या तोंडावर) भात शिजत नाही. मोडून नवी घालावी का? (ता. आजरा)

उत्तर : मोडू नका. आधी अडलंय कुठे ते बघा. चूल गार असताना धुराड्याच्या बुडाशी, साफसफाईच्या झाकणातून, कागदाचा पेटता बोळा धरा. गार नळीला सुरुवातीला ओढ नसते, म्हणून बोळा पुरता जळेपर्यंत थांबा. ज्योत आत ओढली गेली तर धुराडं मोकळं आहे, खोट चुलीच्या पोटात आहे. ज्योत उलट तुमच्याकडे आली तर नळी किंवा वरची टोपी तुंबली आहे.

चार इंची, म्हणजे १० सेंटिमीटरच्या नळीत चहूबाजूंनी एकच सेंटिमीटर काजळी बसली तरी धुराची वाट ३६ टक्क्यांनी कमी होते. दोरीला दगड आणि तागाच्या पोत्याचा बोळा बांधून वरून दोन-तीनदा ओढा. एरवी महिन्यातून एकदा पुरे. पावसाळ्यात सरपण दमट असतं, तेव्हा दर पंधरा दिवसांनी. नळी छपराच्या वर किमान दोन फूट हवी. आढं, म्हणजे छपराचा माथा, तिच्याहून उंच असेल तर आढ्यावरून उतरणारा वारा धूर परत खाली लोटतो, मग कितीही साफ करा.

तुमच्याकडे मात्र मागचं भांडंही तापत नाही, म्हणून आमचा संशय पोटावर जास्त आहे. दुसऱ्या वैलाखाली मातीचा एक उंचवटा असतो. ज्वाळा वर उचलून भांड्याच्या बुडाला भिडवायचं काम त्याचं. तो झिजला की ज्वाळा खालूनच धुराड्यात निघून जातात. भात कच्चा आणि नळीला मात्र हात लावता येत नाही, ही त्याची खूण. उंचवटा भांड्याच्या बुडाखाली साधारण दोन बोटं जागा ठेवून पुन्हा घाला. त्याच वेळी दोन वैलांमधला बोगदा पळीने खरवडून राख काढा. रोजचं पोतेरंही इथे नडतं: थरावर थर चढून तोंड आणि बोगदा दोन्ही अरुंद होतात. लिंपायला हरकत नाही, पण बाहेरूनच.

आणखी एक. घरात भांडी बदलली आहेत का? वैलाचं तोंड मूळच्या पातेल्याच्या मापाचं असतं. त्यावर लहान भांडं ठेवलं की कडेच्या फटीतून गार हवा आत शिरते. धुराड्याची ओढ तिच्यावरच खर्च होते आणि पुढच्या तोंडाशी धूर घुटमळतो. फटीवर लोखंडी कडं बसवा.

प्रश्न : जाड मातीची चूल उष्णता धरून ठेवते, म्हणून सरपण कमी लागतं, असं ऐकलं आहे. खरं आहे का?

उत्तर : नाही, आणि हा गैरसमज फक्त खेड्यापुरता नाही. १९७०च्या दशकात ग्वाटेमालात माती आणि वाळूच्या मिश्रणाची ‘लोरेना’ चूल आली. पुढे तिच्या चाचण्या झाल्या तेव्हा दिसलं, की नीट सांभाळलेल्या तीन दगडांच्या चुलीपेक्षाही तिला बरेचदा जास्त लाकूड लागतं. जाड माती उष्णता धरते खरी, पण ती भांड्याच्या वाट्याची. दिवसभर चूल पेटती असेल, खानावळीसारखी, तर माती एकदा तापल्यावर तितकंसं नुकसान नाही. घरी दोन वेळा तासभर स्वयंपाक करायचा, तर प्रत्येक वेळी मणभर माती नव्याने तापवावी लागते.

आपल्याकडची कहाणी थोडी वेगळी. वर्ध्याच्या मगनवाडीत १९४०च्या दशकात मगन चूल घडली, हैदराबादच्या अभियांत्रिकी संशोधन प्रयोगशाळेत एस. पी. राजू यांनी १९५०च्या दशकात धुराड्याची चूल मांडली, आणि १९८०च्या दशकात सुरू झालेल्या सुधारित चुलींच्या राष्ट्रीय कार्यक्रमात, तो २००२मध्ये बंद होईपर्यंत, देशभर लाखो चुली बसल्या. भर धूर घराबाहेर काढण्यावर होता. ते मोलाचं होतंच. पण बाहेर काढलेला धूर म्हणजे न जळलेलं सरपणच. वाळलं लाकूड तापलं की वजनाने त्याचा जवळजवळ तीन-चतुर्थांश भाग वायू होऊन निघतो, आणि तो जळायला सहाशे अंश सेल्सिअसच्या वरची जागा लागते. गार भिंत, गार भांडं किंवा ओलं लाकूड ही उष्णता खातं. मग तोच वायू धूर होऊन डोळ्यांत जातो आणि काजळी होऊन पातेल्याला बसतो.

अमेरिकेत लॅरी विनियार्स्की यांनी १९८०च्या दशकात बसवलेली ‘रॉकेट’ चूल इथे वेगळी ठरली: जळण्याची जागा लहान, उभी आणि हलक्या, उष्णता न शोषणाऱ्या वस्तूने वेढलेली. घरी करायची तर १५ किलो तेलाचा पत्र्याचा डबा घ्या. आत १२ सेंटिमीटर रुंद चौकोनी वाट, आडवी सुरू होऊन काटकोनात वर जाणारी, एकूण उंची ३० सेंटिमीटरच्या आसपास. आडव्या तोंडात मध्यावर पत्र्याची फळी: लाकूड फळीवर, हवा फळीखालून. मोकळ्या जागेत चाळलेली कोरडी राख ठासा. राख महिन्याभरात दबते, वरून पुन्हा भरा. भांड्याभोवती एक सेंटिमीटर अंतर ठेवून पत्र्याचं कडं लावलं तर फरक लगेच कळतो. आतली वाट साध्या पत्र्याची केली तर ती जळून भोकं पडतात. खापऱ्या किंवा भाताचं तूस कालवून भाजलेल्या हलक्या विटा टिकतात. लोक चुकतात ते एकाच ठिकाणी: घाईत फळीखालीही लाकूड कोंबतात आणि हवा बंद करून बसतात.

प्रश्न : तांब्याचा जुना बंब पेटवला की मधल्या नळीतून निखाऱ्यांवर पाणी ठिबकतं. सांध्याला डाग देऊन (झाळून) घ्यावा का? (सोलापूर)

उत्तर : आधी पाणी गरम होऊ द्या. लाकूड जळताना वाफ तयार होते आणि ती गार नळीच्या आतल्या अंगावर दव धरते. तेच थेंब खाली पडतात. पाणी चांगलं तापल्यावर ठिबकणं थांबलं, तर बंब धडधाकट आहे. थांबलं नाही, तर नळीचा बुडाकडचा सांधा तपासा. बहुतेकदा तो पाणी न भरता जाळ घातल्यामुळे सुटलेला असतो.

तापायला वेळ लागत असेल तर नळीतली काजळी काथ्याच्या बोळ्याने काढा, जाळीच्या वाकलेल्या सळ्या सरळ करा आणि राखेचा कप्पा रोज रिकामा करा. जाळीखालून हवा आली नाही तर बंब नुसता धुपतो. वीस लिटर पाणी २५वरून ६५ अंशांवर न्यायला, निम्म्याहून अधिक उष्णता वाया गेली असं धरलं तरी, अर्धा किलो वाळलं लाकूड पुरतं. तुम्हाला दोन किलो लागत असेल तर लाकूड ओलं आहे, नाहीतर आतून क्षारांचा थर बसला आहे. थरासाठी चिंचेचं पाणी भरून रात्रभर ठेवा, सकाळी दोनदा खळखळून धुवा.

प्रश्न : भुश्याची शेगडी मध्येच का विझते?

उत्तर : भुसा सैल भरला गेला, म्हणून मधलं भोक ढासळतं. तळाच्या भोकातून आडवा आणि वरून मध्यभागी उभा, असे दोन गुळगुळीत दांडके एकमेकांना टेकवून ठेवा. चार-चार बोटं भुसा घालून प्रत्येक थर मुसळाने ठासा, मग दांडके फिरवत अलगद काढा आणि तळातून पेटवा. भुसा कोरडा हवा. दमट असेल तर ठासला जातो छान, पण तासभर धूरच खावा लागतो. पेटलेल्या शेगडीत वरून भुसा टाकू नका, भडका उडतो.

प्रश्न : कोळशाची शेगडी थंडीत खोलीत ठेवतो. धूर तर नसतोच, मग काय बिघडतं?

उत्तर : धूर नसतो हेच वाईट, कारण धोका कळत नाही. निखाऱ्यांतून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला ना वास, ना रंग. तो रक्तात प्राणवायूची जागा अडवतो. आधी डोकं जड होतं, मळमळतं, मग गुंगी येते आणि झोपलेला माणूस उठतच नाही. लाल निखारे निरुपद्रवी, हा समज चुकीचा आहे. राखेने झाकलेली शेगडी तर रात्रभर हा वायू सोडत राहते. शेगडी अंगणात पेटवा, हात शेका आणि निजायच्या आधी बाहेरच ठेवा. बंद न्हाणीघरातल्या बंबालाही हेच लागू.