वाचक विचारतात : आनंदवन आणि हाताला काम

आनंदवनाची स्थापना कुठे 1949 दिलेली असते, कुठे 1951. खरे साल कोणते?
– एक वाचक, चिपळूण

दोन्ही खरी. महारोगी सेवा समिती ही संस्था 1949 ची. वरोऱ्याजवळच्या जागेचे उद्‌घाटन विनोबांच्या हस्ते झाले ते 21 जून 1951 रोजी. स्पर्धा परीक्षेला बसणाऱ्यांनी संस्था विचारली आहे की जागा, एवढे नीट वाचावे. बाबा आमट्यांच्या आधी, 1936 पासून, वर्ध्याजवळ दत्तपूरला मनोहरजी दिवाण कुष्ठसेवा करत होते. ते नाव मात्र हल्ली कुणी विचारत नाही.

रुग्णांना औषध मिळाले, राहायला जागा मिळाली. मग वेगळे उद्योग कशाला काढले? बऱ्या झालेल्यांना बाहेर नोकरी लागत नव्हती का?
– एक शिक्षिका, नांदेड

नव्हती. डॅप्सोन हे कुष्ठरोगावरचे औषध आल्यावर जंतू आटोक्यात येऊ लागला, पण वाकडी झालेली बोटे सरळ होत नव्हती आणि झडलेली पुन्हा येत नव्हती. जंतू अंगात असो वा नसो, मालक बघायचा तो हात.

सुरुवात सहा रुग्ण, एक लंगडी गाय, एक कुत्रा, 14 रुपये आणि सरकारकडून मिळालेली 50 एकर खडकाळ जमीन यांवर झाली, हे आपल्याकडे पाठ असते. त्यापुढची अडचण कमी सांगितली जाते. विहीर खणली, जमीन पिकू लागली, खाऊन भाजी-दूध उरू लागले, आणि वरोऱ्यात गिऱ्हाईक मिळेना. महारोग्याच्या हातचे दूध कोण घेणार? पुढे सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनलचे परदेशी स्वयंसेवक बांधकामाला आले, तिथेच राहिले, तिथलेच जेवले. ते पाहून गावाची भीड चेपली. बाजार उघडला तो भाषणाने नाही, दुसऱ्या कुणाला तिथे जेवताना पाहून. आमच्या मते आनंदवनाच्या इतिहासातला सर्वांत मोठा टप्पा हाच. हातमाग, छपाई, पत्र्याचे डबे हे सगळे उभे राहिले, कारण माल विकला जाऊ शकतो हे तोवर दिसले होते. साठच्या दशकात तिथे महाविद्यालय निघाले आणि गावातली मुले रोज त्या आवारात येऊ लागली.

वसाहत म्हणजे एक प्रकारची भिंतच, ही टीका आम्हाला पटते. पण त्या काळी दुसरा पर्याय बहुधा देवळाच्या पायरीचा असे.

माझ्या वर्कशॉपमध्ये कुष्ठरोगाचा उपचार पूर्ण केलेला एक जण आला आहे. बाकीचे कामगार बिचकतात. शिवाय त्याच्या तळहाताला सारखे फोड येतात आणि त्याला ते कळतही नाहीत. कामावर ठेवावे का?
– एक लघुउद्योजक, इचलकरंजी

ठेवा. लागण होण्याची भीती सोडा. एमडीटी, म्हणजे कुष्ठरोगावरचा अनेक औषधांचा एकत्रित उपचार, सुरू झाली की थोड्याच दिवसांत रुग्णापासून संसर्ग होत नाही, आणि तुमच्या माणसाने तर 6 किंवा 12 महिन्यांचा पूर्ण कोर्स संपवला आहे. कामगारांना हे सरकारी दवाखान्यातल्या कुष्ठरोग कर्मचाऱ्याकडून सांगवून घ्या. मालक सांगतो तेव्हा त्यांना संशय येतो.

फोड येतात ते जंतूमुळे नव्हे. रोगाने मज्जातंतू मेल्यामुळे हाताला दुखणे कळत नाही आणि पकड किती घट्ट आहे तेही कळत नाही. आपण स्क्रू ड्रायव्हर जेवढ्यास तेवढा धरतो. हा माणूस कितीतरी जास्त जोर लावतो, तोही तास न्‌ तास त्याच जागी. कातडी आतून सुजते, तरी काम चालूच राहते.

म्हणून आधी मुठी बदला. बारीक मूठ सगळा दाब एका रेघेवर आणते. सायकलची जुनी ट्यूब किंवा कापडी पट्टी गुंडाळून ती जाड करा, बोटे आणि तळवा सगळीकडे टेकला पाहिजे. खिळ्याचे डोके, फुटलेले लाकूड, गाठ काहीही वर राहू देऊ नका. एकच हालचाल तासाभरापेक्षा जास्त नको, काम पालटून द्या. गरम वस्तूला सांडशी किंवा लाकडी दांडा हवाच. चहासुद्धा कानाच्या कपातून द्या, स्टीलच्या पेल्यातून नको.

हातमोजे दिले म्हणजे झाले, असे समजू नका. सैल मोज्यात तो आणखी घट्ट पकडतो, आणि आत लोखंडाचा कीस गेला तर संध्याकाळपर्यंत तसाच रुतून राहतो. रोज मोजे उलटे करून झटकायचे.

डोळ्यांनी हात तपासण्याची सवय लावा, जेवणाच्या सुट्टीत एकदा आणि सुटताना एकदा. लाल डाग किंवा गरम लागणारी जागा दिसली की त्या हाताला विश्रांती. स्वतःच्या हाताची ऊब त्याला कळणार नाही, दुसऱ्याने हात लावून पाहावे. घरी साध्या पाण्यात वीस मिनिटे हात भिजवायचे, जाड कातडी खरबरीत दगडाने हलकी घासायची आणि ओल्या हातावरच खोबरेल चोळायचे. बिडी ओढत असेल तर बोटांच्या बेचक्यात चटका बसतो. रात्री उंदीर कुरतडतात हेही खरे आहे. वेल्लोरला कुष्ठरुग्णांच्या हातांवर शस्त्रक्रिया करणारे डॉ. पॉल ब्रँड यांच्या रुग्णांना झोपेत अशा जखमा होत, म्हणून त्यांना मांजरे पाळायला दिली गेली.

कुष्ठमुक्त व्यक्तीला अपंगत्वाचा दाखला मिळतो का?
– एक वाचक, गडचिरोली

मिळतो. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात कुष्ठमुक्त व्यक्ती हा स्वतंत्र उल्लेख आहे. अपंगत्व 40 टक्के किंवा त्याहून जास्त असेल तर सरकारी नोकरीतल्या 4 टक्के आरक्षणाला अर्ज करता येतो. युडीआयडी कार्डासाठी, म्हणजे दिव्यांगांच्या ओळखपत्रासाठी, ऑनलाइन अर्ज करा आणि उपचार पूर्ण झाल्याचा कागद सोबत ठेवा. बोटे सरळ आहेत म्हणून अनेक जण जातच नाहीत, ही चूक आहे. व्यंग दिसत नसले तरी हातापायाची संवेदना गेलेली असणे या व्याख्येत बसते. तपासणीच्या वेळी डॉक्टरांना तेवढे आवर्जून सांगा, नाहीतर बोटांकडे पाहून कागद परत येतो.