‘पॉपिन’ पुस्तकात का सापडलं नाही?

प्रश्न : मी बार्शी तालुक्यात प्राथमिक शिक्षिका आहे. मुलगी दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकली, पुढे पुण्यात इंजिनीअरिंग केलं. सप्टेंबरमध्ये ती एमएस्सीसाठी लंडनला, माइल एंडच्या क्वीन मेरी युनिव्हर्सिटीत चालली आहे. आयएल्टीएसला, म्हणजे परदेशी जाणाऱ्यांच्या इंग्रजीच्या परीक्षेला, ७ बँड आहेत. पण जिच्याकडे खोली ठरवली आहे त्या बाईंचा परवा फोन आला आणि हिला काही म्हणजे काही कळलं नाही. नुसतं येस येस करत राहिली. ऐकू आलं तसं तिने कागदावर लिहिलं : ‘पॉपिन, एनीटाइम आफ्त हाफ सेवन, राउन द कॉर्नर, कान मिसिट.’ तेव्हापासून रडवेली झाली आहे. एक हजार इडियम्सचं पुस्तक घेऊन पाठांतर चालू आहे, त्यात ‘पॉपिन’ सापडत नाही. सोलापूरचा एक स्पोकन इंग्लिशचा क्लास दोन महिन्यांचे २२ हजार मागतोय. घालावं का? आणि फोनवरचं बोलणं कळत नसेल, तर नोकरी कशी मिळणार?

उत्तर :

ताई, क्लास नको. २२ हजारांत तिचं थंडीचं जॅकेट आणि चांगले बूट होतील, त्याची गरज जास्त आहे.

आणि मुलीला सांगा, तिने कागदावर जे लिहिलंय ते जवळजवळ बरोबर आहे. शब्द सुटलेले नाहीत, फक्त एकमेकांना चिकटलेत. ‘पॉप इन’ म्हणजे सहज डोकावणं, आपण ‘येता-जाता टेकून जा’ म्हणतो ना, तसं. ‘हाफ सेव्हन’ म्हणजे हाफ पास्ट सेव्हन, आपलं साडेसात. साडेसहा नव्हे, इथे बरीच मुलं चुकतात. ‘राउंड द कॉर्नर’ म्हणजे अगदी कोपऱ्यावर असं नाही. गावाकडे ‘हे काय, हितंच’ म्हणतात आणि चांगलं चालायला लावतात, त्यातलाच प्रकार. ‘यू कान्ट मिस इट’ म्हणजे चुकायचं कारणच नाही. (असं सांगितलेलं घर मी दरवेळी चुकले आहे.)

म्हणजे बाई म्हणत होत्या, साडेसातनंतर कधीही ये, जवळच आहे. चार वाक्प्रचार, आणि चारही तुमच्या घरात रोज मराठीत बोलले जातात. आयएल्टीएसच्या ऐकण्याच्या परीक्षेत माणसं तुलनेने स्वच्छ आणि सुटं बोलतात. घरमालकीण सुटं कशाला बोलेल? तुम्ही तरी वर्गाबाहेर ‘काय करत आहेस’ म्हणता का? ‘काय करतीस’ म्हणता. मुलीचा कान तयार व्हायचा आहे, बाकी पाया पक्का आहे.

ते हजार इडियम्सचं पुस्तक माळ्यावर टाका. अशा पुस्तकांत ‘रेनिंग कॅट्स अँड डॉग्ज’, म्हणजे मांजरं-कुत्री पडणारा धो धो पाऊस, हमखास असतो. लंडनच्या बसस्टॉपवर तो मी कधी ऐकला नाही. तिथे बारीक पाऊस सुरू झाला की ‘इट्स स्पिटिंग’ म्हणतात. शब्दश: घेतलं तर आकाश थुंकतंय! वाक्प्रचार कानासाठी शिकायचे, तोंडासाठी नाही. समोरच्याचे कळले की झालं. आपण साधं, स्वच्छ बोलावं. पाठ केलेला इडियम बोलण्यात घुसवला की लग्नाच्या पंगतीत उखाणा सोडून कविता म्हटल्यासारखं होतं.

यापुढचं तिलाच वाचायला द्या.

तर बाळ, इंग्रजी शहराच्या नकाशावर शीक. हीथ्रो विमानतळावर उतरलीस की भुयारी रेल्वेच्या पिकॅडिली लाइनने निघायचं. तुझ्या दिशेच्या गाडीवर बहुतेक वेळा कॉकफॉस्टर्स लिहिलेलं असेल. बदलायचं स्टेशन स्पेलिंगने वाचलंस तर ‘होल्बॉर्न’ होतं, पण गाडीत ऐकू येईल ‘होबन’. तू होल्बॉर्नची वाट बघत बसशील आणि होबन निघून जाईल. तिथे सेंट्रल लाइनचा ईस्टबाउंड, म्हणजे पूर्वेकडे जाणारा, फलाट शोधायचा, फलकावर एपिंग किंवा हेनॉल्ट असं काही दिसेल. मग थेट माइल एंड. नावांचा हा गोंधळ सगळ्या शहरात आहे. लायसेस्टर नव्हे, लेस्टर स्क्वेअर. ग्रीनविच नव्हे, ग्रेनिच. साउथवार्क नव्हे, सदर्क. टॉटनहॅम नव्हे, टॉटनम कोर्ट रोड. माझा एक विद्यार्थी पहिल्या आठवड्यात तिघांना ‘लायसेस्टर’ विचारत फिरला. तिघांनी खांदे उडवले, आणि तो उभा होता लेस्टर स्क्वेअरच्याच जिन्यावर.

‘एक्झिट’ शोधू नकोस, पाटी ‘वे आउट’ अशी असते. ‘अलाइट हिअर फॉर’ म्हणजे अमुक ठिकाणासाठी इथे उतरा. ‘माइंड द गॅप’ १९६८ पासून चालत आलंय, त्यातल्या माइंडचा मनाशी संबंध नाही, फटीकडे लक्ष ठेव एवढंच. ‘सबवे’ अशी पाटी दिसली तर ती रेल्वे नाही, अंधेरीसारखा भुयारी रस्ता आहे. रेल्वेला तिथे ट्यूब म्हणतात.

ट्यूबला जाताना ‘टॅप इन’ आणि बाहेर पडताना ‘टॅप आउट’, म्हणजे फाटकावरच्या यंत्राला कार्ड टेकवायचं, दोन्ही वेळा. विसरलीस की जास्तीत जास्त भाडं कापतात. बसला मात्र फक्त चढताना. बसमध्ये २०१४ पासून रोख पैसे घेतच नाहीत, तेव्हा ड्रायव्हरपुढे नोट धरू नकोस. पहिल्या टॅपपासून तासाभरात दुसरी बस धरलीस तर वेगळं भाडं पडत नाही. ऑयस्टर हे तिथलं प्रवासाचं कार्ड, त्याचं विद्यार्थ्यांचं फोटोकार्ड काढ, ट्रॅव्हलकार्डवर, म्हणजे पासावर, ३० टक्के सूट मिळते.

आता एक सवय लावून घे. रोज सकाळी चहाबरोबर ट्रान्सपोर्ट फॉर लंडनचं, म्हणजे ट्यूब आणि बस चालवणाऱ्या संस्थेचं, स्टेटस पान इंटरनेटवर उघड आणि शेजारी ट्यूबचा नकाशा ठेव. ‘मायनर डिलेज’ म्हणजे घाबरायचं नाही. ‘सिव्हिअर डिलेज’ म्हणजे तास आधी निघ. ‘पार्ट सस्पेंडेड’ म्हणजे लाइनचा एक तुकडा बंद, कुठून कुठे ते वाच आणि स्वत:ला विचार की मी आज माइल एंडहून निघाले असते तर कशी गेले असते. शनिवार-रविवारी ‘प्लॅन्ड एंजिनीअरिंग वर्क्स’ (ठरवून काढलेली दुरुस्ती) आणि ‘रेल रिप्लेसमेंट बस’ (रेल्वेऐवजी बस) हमखास भेटतील. हे बार्शीत बसून करता येतं, फुकट. कानासाठी बीबीसीची लर्निंग इंग्लिश सेवा आहे, १९४३ पासून परक्या माणसांना इंग्रजी शिकवते. पाच-सहा मिनिटांचा एक तुकडा घे, आधी न वाचता ऐक आणि त्या दिवशी लिहिलंस तसंच लिही, ‘पॉपिन’ तर ‘पॉपिन’. मग मजकुराशी ताडून बघ. तुझी ही पद्धत तुला आपोआप सापडली आहे, ती सोडू नकोस.

दुकानात काय होतं ते सांगते. काउंटरवरचा मुलगा मान वर न करता म्हणेल, ‘ईटिनॉटेकवे?’ हा एक शब्द नाही, इथे खाणार की नेणार हा प्रश्न आहे. नेणार असशील तर ‘पार्सल’ म्हणू नकोस, पार्सल पोस्टाने जातं; ‘टेकअवे, प्लीज’. खायला जायचं ते हॉटेल नव्हे, हॉटेलात माणसं झोपतात. मोबाइलचा रिचार्ज तिथे ‘टॉप-अप’ होतो, झेरॉक्सची फोटोकॉपी होते. वर्गात ‘आय हॅव अ डाउट’ म्हटलंस तर सरांना वाटेल यांना माझं म्हणणं पटलेलं नाही. ‘आय हॅव अ क्वेश्चन’ म्हण. आणि गाडीच्या जादा चाकाला स्टेपनी म्हणणारी आपणच. माइल एंडच्या शेजारचंच स्टेशन स्टेपनी ग्रीन आहे, त्याचा चाकाशी काही संबंध नाही. चाकाचा शब्द वेल्समधल्या लानेली गावच्या स्टेपनी स्ट्रीटवरून आला.

‘यू ऑलराइट?’ ही तब्येतीची चौकशी नाही. मी पहिल्यांदा गेले तेव्हा दुकानातल्या मुलीने ‘यू ऑलराइट देअर?’ विचारलं आणि मी तिला विमानातल्या जेवणाने पोट कसं बिघडलं ते सविस्तर सांगितलं. तिला फक्त ‘काय हवंय’ विचारायचं होतं. रस्त्यात कोणी असं म्हणालं तर ‘यू ऑलराइट?’ एवढंच उलट म्हणून पुढे जायचं. ‘चिअर्स’ म्हणजे थँक यू, ‘टेन क्विड’ म्हणजे दहा पाउंड, ‘फोर्टनाइट’ म्हणजे आपला पंधरवडा.

नोकरीचं आई विचारतात. टर्म चालू असताना स्टुडंट व्हिसावर आठवड्याला २० तासांपर्यंतच काम करता येतं, आणि कॅफेतल्या कामात हेच ‘ईटिनॉटेकवे’ आता तू विचारणार आहेस. मोठ्या नोकरीच्या मुलाखतीत तुझ्या विषयाचं इंग्रजी तुला येतं, त्याची मला काळजी नाही. अडतं ते लिफ्टपासून खुर्चीपर्यंतच्या दोन मिनिटांत. ‘डिड यू फाइंड अस ऑलराइट?’ यावर पत्ता कसा सापडला याची कथा नको. ‘येस, थँक्स, सेंट्रल लाइन वॉज पॅक्ड’ इतकं पुरे. समोरचा हसतो, आणि मग विषयाचं बोलणं सुरू होतं. तुझं काम बघून कोणी ‘नॉट बॅड’ म्हणालं तर उदास होऊ नकोस, ती बऱ्यापैकी शाबासकी असते.

पोचल्यावर पहिल्या मोकळ्या रविवारी एकटीने एक प्रवास कर. माइल एंडहून सेंट्रल लाइनने टॉटनम कोर्ट रोड, तिथून नॉर्दर्न लाइनने उत्तरेकडे चॉक फार्म. गाडी एजवेअरची हवी. हाय बार्नेटची धरलीस तर कॅम्डन टाउनला उतरून बदलावी लागेल, आणि तसं झालं तर आणखी चांगलं, एकदा चुकून घे. चॉक फार्मपासून थोडं चाललं की १०, किंग हेन्रीज रोड. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये शिकताना १९२१-२२ मध्ये बाबासाहेब तिथे राहत होते. महाराष्ट्र सरकारने ते घर २०१५ मध्ये विकत घेतलं. उघडण्याच्या वेळा आधी बघून जा. आणि वाट फोनवर न बघता एका माणसाला तरी विचार.

ताई, एक काम आजच. त्या बाईंना तिच्याकडूनच मेसेज जाऊ दे : हीथ्रोहून येते आहे, साडेसातनंतर पोचेन, थँक यू. आणि शेवटी विचारायला सांगा, कोपरा म्हणजे नक्की कुठला.