स्टेरॉइडचा गुण यायला तास का लागतात?

प्रश्न : आईला दम्याचा त्रास झाला की साल्ब्युटामॉलच्या पंपाने काही मिनिटांत बरे वाटते, प्रेडनिसोलोन या स्टेरॉइडच्या गोळीला मात्र काही तास लागतात आणि त्या दिवसांत तिची साखरही वाढते. असे का होते? – एक वाचक, सांगली

उत्तर : साल्ब्युटामॉल श्वासनलिकेच्या स्नायुपेशींच्या पृष्ठभागावरील ग्राहीला (औषध किंवा संप्रेरक ओळखून पकडणाऱ्या प्रथिनाला) चिकटते आणि पेशीत आधीच तयार असलेली प्रथिने कामाला लागून स्नायू सैल पडतात. प्रेडनिसोलोन मेदात विरघळणारे असल्यामुळे पेशीपटल ओलांडून थेट आत शिरते. तेथे एचएसपी-९० आणि इतर प्रथिनांच्या आधाराने थांबलेल्या ग्लुकोकॉर्टिकॉइड ग्राहीत (अशा स्टेरॉइडांच्या ग्राहीत) ते बसले की ग्राहीची घडण बदलते व तो केंद्रकात जातो.

खरी नवलाची गोष्ट पुढे आहे. डीएनएवर ठरावीक जागी सहा अक्षरांचा एक क्रम, मग कोणतीही तीन अक्षरे आणि नंतर पहिल्याच क्रमाचे उलट्या दिशेने वाचले जाणारे प्रतिरूप असते. जस्ताच्या अणूंभोवती घडी पडलेल्या आपल्या भागाने ग्राहींची जोडी या दोन अर्ध्यांवर बसते. मग सहायक प्रथिने येऊन हिस्टोनांना, म्हणजे डीएनए ज्यांभोवती गुंडाळलेला असतो त्या प्रथिनांना, ॲसिटिल गट जोडतात, डीएनएची गुंडाळी तेथे सैल होते आणि जनुकाची आरएनए प्रत निघू लागते. त्या प्रतीवरून प्रथिन तयार होऊन पुरेसे साठेपर्यंत तास जातात. एनएफ-कप्पा-बी या प्रथिनामुळे चालू होणारी, दाह वाढवणारी जनुके हाच ग्राही दाबतो. पण आधी निघालेल्या प्रती व प्रथिने नष्ट व्हायलाही वेळ लागतोच.

माणसात असे ४८ केंद्रकीय ग्राही आहेत. सर्वांची रीत एकच नाही: थायरॉइड संप्रेरकाचा ग्राही संप्रेरक येण्यापूर्वीच डीएनएवर बसून काही जनुके दाबून धरतो.

साखरेचे कारणही याच ग्राहीत आहे. यकृतात तो नवे ग्लुकोज बनवणाऱ्या विकरांची जनुके चालू करतो, म्हणून मधुमेह असल्यास या दिवसांत साखर आवर्जून तपासावी. मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीत मात्र तो अधिवृक्क ग्रंथीला कामाला लावणाऱ्या एसीटीएच संप्रेरकाचे जनुक दाबतो; औषध दीर्घकाळ चालले तर मूत्रपिंडावरची ही अधिवृक्क ग्रंथी कॉर्टिसॉल हे शरीराचे स्वतःचे स्टेरॉइड बनवण्यात मंदावते आणि गोळी एकाएकी थांबवल्यास शरीराला दोन्हींपैकी कोणतेच पुरेसे मिळत नाही. म्हणून आईंची गोळी कधी व कशी कमी करायची, हे डॉक्टरांनीच ठरवावे.