सराफी दुकानात गिऱ्हाईक कपड्यांवरून ओळखता येतं का?

तुम्ही तालुक्याच्या गावी सराफी दुकानात नव्याने लागला आहात. काउंटरवरची जुनी मंडळी सांगतात, दारातून येणाऱ्याची चप्पल, कपडे आणि बोली बघून 'घेणारं' कोण, 'बघणारं' कोण ते ओळखायला शिका, वेळ वाचतो. हे खरंच जमतं का, आणि जमत नसेल तर गर्दीत कोणाला किती वेळ द्यायचा, हा तुमचा प्रश्न.

खिशात किती आहे ते कपड्यांवरून कळत नाही, आणि सोन्याच्या धंद्यात तर हा अंदाज मोबाइलच्या किंवा बुटांच्या दुकानापेक्षाही जास्त चुकतो. तालुक्याच्या दुकानातलं बरंचसं गिऱ्हाईक शेतीच्या पैशावर चालतं आणि तो पैसा महिन्याला येत नाही. सोयाबीनचा दसरा-दिवाळीच्या सुमारास, कापसाचा त्यापुढे, द्राक्षाचा फेब्रुवारी ते एप्रिल, उसाचा तर कारखाना देईल तसा हप्त्याहप्त्याने. माणूस बाजार समितीत माल टाकतो, बँकेत किंवा कचेरीत काम उरकतो आणि त्याच कपड्यांत तुमच्याकडे येतो. धोतराला धूळ आहे म्हणजे तो आज कामाला आला होता, एवढंच.

दुसरं म्हणजे, पैसे किंवा मोड (विकायचं किंवा बदलायचं जुनं सोनं) घेऊन एसटीने येणारा माणूस मुद्दाम साधा येतो. बाई गळ्यातलं घरी काढून ठेवून येते, कारण स्टँडवर पोत ओढण्याचे प्रकार तिला माहीत असतात. मोकळा गळा बघून 'इथे काही नाही' असं ठरवणारा सेल्समन प्रवासातली सावधगिरी गरिबी म्हणून वाचत असतो. शिवाय लग्नाची खरेदी हा कित्येक वर्षांच्या बचतीचा एका दिवसातला खर्च असतो. त्यातली काही भिशीची, काही दुधाच्या पगारातली, काही आजीच्या पाटल्या मोडून उभी राहिलेली. यातलं काहीही अंगावरच्या शर्टात दिसत नाही.

मग जुनी मंडळी छातीठोकपणे 'आमचा अंदाज चुकत नाही' असं का म्हणतात? कारण त्यांचा हिशेब एकाच बाजूने लिहिलेला असतो. जो 'बघणारा' वाटला त्याला उभं ठेवलं, दोन हलके नग दाखवले, भाव विचारला तर पुटपुटून सांगितला. तो उठून गेला. अंदाज खरा ठरला! तोच माणूस चार दुकानं सोडून पलीकडे तीन तोळ्यांची मोहनमाळ घेतो, ते यांच्या कानावर येतच नाही. चुकीची नोंद कुठेच होत नाही म्हणून चूक दिसत नाही.

किती जातं ते आकड्यांत बघा. हिशेबाला सोपं म्हणून २२ कॅरेटचा भाव १० ग्रॅमला १ लाख धरू. २० ग्रॅमची माळ, घडणावळ (दागिना घडवण्याची मजुरी) १२ टक्के: सोनं २,००,०००, घडणावळ २४,०००, त्यावर ३ टक्के जीएसटी ६,७२०, बिल २,३०,७२०. तुम्ही 'हलक्यात दाखवतो' म्हणत ५ ग्रॅमचा नग काढला आणि भिडेपोटी तो घेतलाही, तर त्याच दराने बिल ५७,६८०. म्हणजे गिऱ्हाईक परत गेलं नाही तरीही तुम्ही दुकानाची १८,००० रुपयांची घडणावळ घालवलीत, आणि ही विक्री झाल्यामुळे कोणी त्याबद्दल विचारणारही नाही. मला विचाराल तर रिकाम्या हाताने गेलेल्या माणसापेक्षा हे नुकसान जास्त फसवं आहे, कारण ते कधीच दिसत नाही.

नजर ठेवूच नका असं मी म्हणत नाही. नजर कुठे ठेवायची ते बदला. अंगावर जे सोनं आहे ते वाचा. हातातल्या पाटल्या झिजल्या आहेत का, कानातल्या कुड्यांनी भोक ओघळलंय का, मंगळसूत्राच्या वाट्या पोकळ आहेत की भरीव, जुनी ठुशी नव्या दोऱ्यात गाठवून घेतली आहे का. यावरून आवड, सवय आणि गरज कळते. भोक ओघळलेल्या बाईला जड झुमके दाखवण्यात अर्थ नाही, दाखवायचेच तर सोबत कानवेल दाखवा म्हणजे भार वर घेतला जातो. झिजलेल्या पाटल्यांवाली बाई रोज घालायचं मागणार, तिला पोकळ नग देऊ नका, वर्षात चेपतो आणि मग ती तक्रार घेऊन येते, रास्त तक्रार. बजेट मात्र अंगावरच्या सोन्यावरूनही धरू नका.

सुरुवात सगळ्यांशी एकच ठेवा: 'या, बसा', पाणी, मग प्रश्न. इथे एक सवय फार पसरली आहे, ती मोडा. जीन्समधल्या मुलीला 'या मॅडम', आणि लुगड्यातल्या बाईला 'काय पाहिजे गं मावशी?' मावशी म्हणायला हरकत नाही, आपल्याकडे ते आपुलकीचंच आहे, पण मावशीलाही 'तुम्ही' म्हणायचं आणि खुर्चीही तीच द्यायची. 'चांदीचं काउंटर तिकडे आहे' हे वाक्य तर विचारल्याशिवाय तोंडातून काढायचंच नाही. ते ऐकणाऱ्याला बरोबर कळतं.

प्रश्न तीन पुरेत. कोणासाठी? कोणत्या कामासाठी आणि कधीपर्यंत? किती वजनापर्यंत मनात धरलंय? 'बजेट किती?' हा प्रश्न पहिला नको, त्याला लोक कमीच आकडा सांगतात. वजन विचारलं की 'दोन तोळ्यांत बसवा' असं सरळ उत्तर येतं. एक काळजी घ्या. आज बाजारात तोळा म्हणजे १० ग्रॅम, पण जुना तोळा ११.६६४ ग्रॅमचा. म्हातारी माणसं 'पाच तोळ्यांची होती' म्हणतात तेव्हा त्यांच्या मनात ५८.३२ ग्रॅम असू शकतात, तुमच्या मनात ५०. मोडीच्या वेळी मोठी भांडणं इथून होतात. ग्रॅम बोला आणि काट्यावर दाखवा.

वजन सांगितलं नाही, तर प्रत्येक प्रकारातले तीन नग काढायचे: हलका, मधला, भारी. ठुशी असेल तर समजा ८, १५ आणि २५ ग्रॅम. तिन्ही एकदम मखमलीवर ठेवायच्या, प्रत्येकीचं वजन आणि घडणावळीसकट किंमत न विचारता सांगायची आणि गप्प बसायचं. हात कुठे जातो ते बघा. हे तीन नग समोर कोणीही असो, तेच आणि त्याच क्रमाने. अंदाजाची गरजच उरत नाही.

कुटुंब आलं असेल तर पुढे बोलणारा माणूस ठरवणारा असेलच असं नाही. बऱ्याचदा बाकावर मागे पिशवी धरून बसलेली सासू किंवा आजी ठरवते. डाग (दागिना) हातात घेऊन वजन जोखतं कोण आणि बाकीचे कोणाच्या तोंडाकडे बघतात, यावरून ते कळतं. पुढचं बोलणं तिच्याशी.

गर्दीत वेळ वाटायचाच असतो, पण तो कामावरून वाटा. गुढीपाडवा, अक्षय्य तृतीया, दसरा, धनत्रयोदशी या दिवशी एक माणूस दाराशी फक्त विचारायला ठेवा. नाणं किंवा वेढणी (साधी अंगठी) दहा मिनिटांचं काम, त्यांना वेगळं काउंटर. तुटलेली कडी, पॉलिश, गाठवून घेणं, याची पावती करून वस्तू आत द्यायची, पाच मिनिटं. लग्नाची खरेदी दोन तासांची, त्यांना बसवायचं किंवा दुसऱ्या दिवशीची वेळ द्यायची. दुकानाच्या भिशी योजनेचा हप्ता भरायला येणाऱ्यांना मात्र थांबवू नका. धुणीभांडी करून मधल्या वेळात हजाराचा हप्ता भरायला आलेल्या बाईला अर्धा तास उभं ठेवलं, तर योजना संपल्यावर ती नियमाने तुमच्याकडे घेईल, पण पुढची भिशी दुसरीकडे लावेल, आणि तिच्या गल्लीतल्या बायकाही.

आता चोरी. 'तोंड बघून ओळखतो' याचं खरं समर्थन लोक इथेच करतात. पण गिऱ्हाइकाच्या वेशातली चोरी बहुधा लक्ष विचलित करून होते: दोघे-तिघे एकदम वेगवेगळे ट्रे मागतात, एक जण भांडण उकरतो, किंवा खऱ्या नगाच्या जागी तसाच खोटा नग ठेवला जातो. यासाठी येणारे लोक बऱ्याचदा चांगले कपडे घालून येतात, त्यांनाही तुमचा अंदाज माहीत असतो. उपाय सगळ्यांना सारखे लावा. एका वेळी एकच ट्रे बाहेर. ट्रे काढताना आणि ठेवताना नग मोजायचे. अंगठ्यांच्या ट्रेची एकही खाच रिकामी ठेवायची नाही, नग विकला की तिथे चिठ्ठी. परत आलेला नग टॅग आणि वजन बघूनच आत. यूपीआयचा स्क्रीनशॉट हा पुरावा नाही, पैसे खात्यात दिसल्यावर डाग हातात. चेक असेल तर वटल्यावर. 'साहेब दवाखान्यात आहेत, चार डाग तिकडे घेऊन चला' असा फोन आला तर जायचं नाही, बोलणारा कितीही रुबाबात बोलो.

पारधी, वडार किंवा लमाण दिसणारी बाई आत आली की वॉचमन मागे येऊन उभा राहतो, हे अजूनही काही दुकानांत चालतं. इंग्रजांनी १८७१ च्या कायद्याने कित्येक जमातींवर जन्मानेच गुन्हेगार असा शिक्का मारला, तो कायदा १९५२ साली रद्द झाला, वॉचमनपर्यंत बातमी पोचलेली नाही. जातीवरून किंवा धर्मावरून दुकानात येण्यापासून अडवायचं नाही हे संविधानाच्या कलम १५(२) मध्ये दुकानांचा उल्लेख करून लिहिलेलं आहे. वॉचमन दारात उभा राहील, आत कोणाच्या मागे नाही, असा नियमच करा.

मोड घेतानाही तेच. फाटका माणूस सोनं विकायला आला की चोरीचं, आणि गाडीतून आलेला असला की 'अडचण असेल', असं धरलं जातं. चोरीचा माल आहे हे माहीत असून किंवा तसं मानायला कारण असून घेणं भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली गुन्हा आहे, त्यामुळे सावध राहायलाच हवं, पण प्रत्येकाशी. ओळखपत्राची प्रत, जुनं बिल असेल तर तेही, फोटो, सही आणि पैसे खात्यावर. कॅरेट मशीनवर माणसाच्या समोर तपासायचं. खडे, लाख, मेण किती वजा केलं ते आकड्यात लिहून द्यायचं. वितळवणार असाल तर आधीचं आणि नंतरचं, दोन्ही वजनं दाखवायची.

पैशाचे नियम रकमेला लागतात, माणसाला नाही. २ लाख किंवा त्याहून जास्त रोख घेता येत नाही, एका खरेदीची दोन बिलं फोडूनही नाही. ही गोष्ट वजन ठरताच सांगा, बिल झाल्यावर नको. गावाकडच्या गिऱ्हाइकाचं खातं बहुधा जिल्हा बँकेत किंवा पतसंस्थेत असतं, आरटीजीएससाठी शाखेत जावं लागतं आणि दुसऱ्या-चौथ्या शनिवारी बँक बंद. आगाऊ रक्कम घेऊन भाव बांधून द्या, डाग सोमवारी. नाही तर चार तास बसून पसंत केलेला माल पैशाअभावी टेबलावर राहतो आणि पुन्हा कोणीतरी म्हणतं, 'बघा, नुसता बघायला आला होता.'

चेहरा बघून आणखी एक गोष्ट केली जाते, तिच्याबद्दल कोणी बोलत नाही: घडणावळ. शहरी जोडप्याला टक्के, सूट, हॉलमार्क सगळं उलगडून सांगायचं, आणि शेतकऱ्याला नुसता एकूण आकडा. हे करू नका. भिंग हातात द्या, बीआयएसची (भारतीय मानक ब्युरोची) खूण, 22K916 (२२ कॅरेट, ९१.६ टक्के शुद्ध) आणि सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी, म्हणजे त्या नगाचा स्वतंत्र हॉलमार्क क्रमांक, दाखवा, मोबाइलवर बीआयएस केअर ॲपमध्ये तो क्रमांक टाकून बघायला सांगा. सोबतचा नातू दोन मिनिटांत करतो. गावात बिलं शेजारी-शेजारी ठेवून बघितली जातात. एकाच माळेला एकाला ११ आणि दुसऱ्याला १६ टक्के लावलेले दिसले, की त्या गावातून पुढची दोन-तीन लग्नं तुमच्याकडे येत नाहीत.

जुन्या मंडळींशी वाद घालू नका, तुम्ही नवे आहात. मालकाला विचारून एक वही सुरू करा. रकाने पाचच: आल्याची वेळ, काय मागितलं, किती नग दाखवले, घेतलं की नाही, नसेल तर का. कपडे, गाव, आडनाव यांना रकाना नाही. महिनाअखेरीला फक्त न घेता गेलेल्यांच्या ओळी काढा आणि त्यांना किती नग दाखवले होते ते मोजा. तीनपेक्षा कमी नग बघून गेलेल्यांची यादी मालकासमोर ठेवा. त्या वेळी काउंटरवर कोण होतं, हे मालक स्वतःच विचारतील.