बांधकाम व्यवसायामुळे पुणे परिसराच्या अर्थव्यवस्थेला आणि रोजगाराला खरंच हातभार लागतो, की ही नुसती बिल्डरांची जाहिरात आहे?

बिल्डरांची वकिली मी करणार नाही, माझीच दोन बिलं अडकली आहेत. २००९ पासून आरसीसीचे, म्हणजे सळई-काँक्रीटच्या कामाचे, लेबर ठेके घेतोय. पण तुमचा हा प्रश्न आमच्या दाजींनी २०१६ च्या भाऊबीजेला, ताईने ओवाळून झाल्या झाल्या, मला ऐकवला होता. दाजी बँकेत अधिकारी. "तुमच्या धंद्यात उलाढाल आहे रे, अर्थव्यवस्था नाही." (हेच दाजी, एकदा फोनवर मी "आज स्लॅब पडला" म्हटल्यावर "कोणी दबलं का?" विचारणारे. आमच्यात स्लॅब पडला म्हणजे भरून झाला.)

बरोबर आठ दिवसांनी, मंगळवारी रात्री, नोटा बंद झाल्या.

रावेतला चौथ्या मजल्याची सळई बांधून तयार होती. माझ्याकडे ३४ माणसं. सेंट्रिंगवाले (स्लॅबखालच्या फळ्या-टेकू लावणारे) बंगालमधल्या मालदाचे, सळई बांधणारे फिटर बिहारचे, बिगारी नवरा-बायकोच्या जोड्या नांदेड-लातूरकडच्या. रविवारी खर्ची द्यायची. खर्ची म्हणजे पगार नव्हे, पगारातूनच आठवड्याच्या बाजारापुरती दिलेली उचल. माणशी हजार धरले तरी ३४ हजार, आणि बँक त्या आठवड्यात २० हजारांच्या वर देईना. तेही दोन-दोन हजारांच्या नोटांत, ज्या कुणी मोडून देत नव्हतं. बिल्डरने जुन्या पाचशेच्या गड्ड्या पुढे केल्या, "घे, तुझी माणसं लाव रांगेत." मी हात लावला नाही. याचा मला आजही अभिमान आहे आणि त्या बिल्डरकडचं बिल मला पुढे सात महिने मिळालं नाही.

मग साइटसमोरच्या किराणावाल्याने उधारीची वही काढली. पहिल्या आठवड्यात तिच्यात माझी ११ माणसं होती, तिसऱ्या आठवड्यात झाडून सगळी. किलोने तेल नेणाऱ्या बायका पावशेर मागू लागल्या. टपरीवाल्याने दूध निम्म्यावर आणलं. खडीचा डंपर उभा, त्याचा ड्रायव्हर आमच्याच शेडमध्ये जेवायला. डिसेंबरात मालदाची टोळी गावी गेली, ती फेब्रुवारीत निम्मीच परतली. स्लॅब रखडला एक, उधारीवर आली अख्खी गल्ली. उलाढाल आणि अर्थव्यवस्था यांतला फरक मला त्या वहीत तरी सापडला नाही.

आता तुमचं उत्तर. शेतीखालोखाल देशात सर्वांत जास्त हात ज्या मोजक्या धंद्यांत आहेत, त्यांत बांधकाम आहे, काम करणाऱ्या दर आठांमागे साधारण एक. एकूण उत्पादनात वाटा मात्र ८ टक्क्यांच्या आसपास, म्हणजे माणसं जास्त आणि माणशी कमाई कमी. सरकारचं बघा. पुण्यात ७० लाखांचा बांधकाम चालू असलेला फ्लॅट एखाद्या पुरुषाच्या नावावर घेतला तर ७ टक्के मुद्रांक शुल्क, ३० हजार नोंदणी, ५ टक्के जीएसटी. ८ लाख ७० हजार, गृहप्रवेशाच्या आधीच. हिंजवडीच्या आयटी आणि चाकणच्या कारखान्यांतल्या पगारांवर ही घरं उठली हे खरं, पण तो पगार नांदेडच्या तांड्यापर्यंत पोचवतो कोण? आम्ही.

जमिनीचा भाव वाढणं मी यात धरत नाही. काल एक कोटीचा गुंठा आज दीड कोटीला गेला तर त्यात एका घमेल्याचंही काम झालेलं नसतं. जाहिरात म्हणायचीच असेल तर ती तिथे म्हणा.

आणि हो, याला "रोजगार" म्हणताना जरा जपून. फंड नाही, सुट्टी नाही, पावसाळ्यात हजेरी निम्मी. बांधकाम कामगार मंडळात नोंद व्हायला वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो आणि तो द्यायला आमच्यातले बरेच ठेकेदार टाळाटाळ करतात. २०१६ पर्यंत मीही करायचो. माणसांची बँकेत खाती उघड म्हणून दाजी आधीपासून मागे लागले होते, तेवढं त्यांचं बरोबर होतं. नंतर उघडली. आता निम्मी खर्ची फोनवरून जाते.

दाजी निवृत्त झाले. गेल्या वर्षी सांगवीच्या घरावर मजला चढवला, काम मीच केलं. दर रविवारी खर्चीचे पैसे पाकिटात घालून रोख आणून द्यायचे, मोजून घे म्हणायचे.