पाच वेळा समर्पण केलं, तरी चिंता जात नाही

वर्षअखेरच्या रात्रीची वॉचनाइटची उपासना होऊन जानेवारी लागला की, आणि उज्जीवन सभांचा, म्हणजे जीवन प्रभूला समर्पित करायला लोकांना पुढे बोलावतात त्या सभांचा, हंगाम सरला की, एक वाक्य हमखास कानावर येतं. बोलणारी कधी नर्स असते, कधी निवृत्त शिक्षक, कधी तरुण संघाचा सेक्रेटरी. "ताई, सगळं जीवन प्रभूला वाहिलंय. मग रात्री छातीत धडधड का होते? माझा विश्वासच खोटा म्हणायचा का?" हे पाळकांना विचारायची चोरी वाटते, कारण विचारणारा बहुधा मंडळीतला भक्कम समजला जाणारा माणूस असतो. साक्ष देणारा, दुसऱ्यांसाठी प्रार्थना करणारा.

त्यातल्याच एका गृहस्थांची ही हकिकत. ओळख पटू नये म्हणून दोन-तीन जणांचे तपशील एकत्र केले आहेत, आणि माझ्याकडे समुपदेशनासाठी झालेल्या अकरा भेटींतलं मोजकंच इथे आहे.

वय चाळिशीच्या आसपास, नगरकडचे, कारखान्यात क्वालिटी इन्स्पेक्टर. रविवारच्या शाळेत शिकवतात. आल्या आल्या "सलाम ताई" म्हणून हेल्मेट मांडीवर घेऊन बसले, ते तासभर खाली ठेवलं नाही. तक्रारी तीन. चिंता जात नाही. प्रार्थनेत मन लागत नाही. आणि बायको विश्वासात कमी पडते. ती कशी, तर एलआयसीचा हप्ता चुकवत नाही आणि यांना न सांगता पोस्टात आरडी भरते. "देव पुरवणारा आहे असं रविवारी गायचं आणि सोमवारी पोस्टात रांग लावायची, याला काय अर्थ आहे?"

मी पहिल्यांदा झोपेचं विचारलं. दुसरी पाळी रात्री अकराला सुटते, घरी येऊन जेवण होईपर्यंत बारा वाजतात, आणि पहाटे चारला उठून एक तास प्रार्थना. एका सभेत घेतलेला नेम होता तो. म्हणजे पाळी असेल त्या आठवड्यात जेमतेम चार तास झोप. अशा माणसाला चिंता ही आत्मिक उणीव वाटते, पण निम्मी चिंता शरीराची असते. एलिया संदेष्टा रतामाच्या झुडपाखाली मरण मागत पडला होता तेव्हा देवदूताने त्याला बोल लावला नाही. निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाणी दिलं, झोपू दिलं, उठवून पुन्हा खायला घातलं (1 राजे 19). देवाचा प्रश्न त्यानंतर, होरेब डोंगराला पोचल्यावर आला. मी हाच क्रम पाळते. आधी भाकर आणि झोप, मग वागणं, आणि मन त्यांच्या मागून येतं. दुसऱ्या पाळीच्या आठवड्यात प्रार्थना सकाळी साडेनऊला, चहानंतर, पंधरा मिनिटं, असं ठरलं. त्यांना ते फारच हलकं वाटलं. "एवढंच?" म्हणाले. तीन आठवड्यांनी धडधड कमी झाली, गेली नाही.

तिसऱ्या भेटीला त्यांना त्यांचं बायबल आणायला सांगितलं होतं. काळं रेक्झिन, कडा उसवलेल्या. मुखपृष्ठाच्या आतल्या कोऱ्या पानावर पाच तारखा. पहिली निळ्या शाईत, वळणदार. शेवटची बॉलपेनने, कागद दाबून, मागे वळ उठलेला. प्रत्येकीपुढे एकच शब्द: समर्पण.

"मोठ्याने वाचा," मी म्हटलं. "आणि प्रत्येक तारखेच्या आधीच्या पंधरा दिवसांत घरात काय चाललं होतं तेही सांगा."

पहिलीच्या आधी वडिलांचं ऑपरेशन. दुसरीच्या आधी कंपनीत कामगार कपात. तिसरी, मुलगी न्यूमोनियाने ॲडमिट. चौथी, घराच्या कर्जाचे दोन हप्ते थकलेले. पाचवीवर थांबले. "पाचवी नंतर सांगतो."

"पुढे गेलात तेव्हा देवाला काय दिलंत?"

"सगळं जीवन."

"आणि मागितलं काय?"

त्यांनी बायबल मिटलं, पुन्हा उघडलं. बराच वेळ त्या पानावरून अंगठा फिरवत राहिले. मग म्हणाले, "भीती काढून घे."

"ती परत आली की काय वाटायचं?"

"एक तर त्याने मला घेतलं नाही, नाहीतर मी मनापासून दिलं नाही. म्हणून परत पुढे जायचो."

मी काही बोलले नाही. अशा वेळी समजावून सांगायचा मोह होतो, एखादं वचन ओठांवर येतं, आणि तिथेच काम बिघडतं. मिनिटभराने तेच म्हणाले, "ताई, हे प्लग गेजने हार्डनेस मोजल्यासारखं झालं."

ज्यांना हे काम माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. भोक बरोबर मापाचं आहे का ते पाहायला प्लग गेज असतो, त्याला गो आणि नोगो अशा दोन बाजू. गो बाजू आत गेली पाहिजे, नोगो बाजू जाता कामा नये. त्याने भोकाचा व्यास कळतो. लोखंड कठीण आहे की मऊ ते त्याने कधीच कळणार नाही, त्याला वेगळं मशीन लागतं. हे गृहस्थ बारा वर्षं आपला विश्वास भीतीच्या गेजने तपासत होते. भीती आत शिरली की शिक्का ठरलेला, रिजेक्ट. मी हे शंभर वेळा निराळ्या शब्दांत लोकांना सांगितलं आहे, पण इतकं चपखल कधी जमलं नव्हतं. आता मी ते सर्रास वापरते, त्यांच्या परवानगीने.

विश्वास ठेवणाऱ्यालाही भीती वाटते, हे शास्त्रातच दिसतं. मार्क 9 मधला आजारी मुलाचा बाप येशूला रडून सांगतो की माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवून टाका. येशूने त्याला "आधी विश्वास पुरा करून ये" म्हणून परत पाठवलं नाही, मुलगा तिथेच बरा केला. आणि धरला जायच्या आधी गेथशेमानेत प्रार्थना करताना तर स्वतः प्रभूच व्याकूळ आहे.

मग मोजायचं काय? मी म्हटलं, भरवसा असता तर आज काय केलं असतंत, ते केलंत की नाही, एवढंच मोजा. त्यावर पाचवी तारीख बाहेर आली. महिनाअखेर होती, माल न्यायला गाडी लागलेली, बुशच्या, म्हणजे मधे भोक असलेल्या गोल सुट्या भागांच्या, एका लॉटमध्ये नोगो बाजू बऱ्याच नगांत आत जात होती. वरून दबाव आला आणि यांनी रिपोर्टवर सही केली. त्यानंतरच्या रविवारी प्रभुभोजनाचा प्याला हातात घेताना हात थरथरला, पुढच्या सभेत हे पुन्हा समर्पणाला उभे राहिले. लॉटबद्दल मात्र कुणाला बोलले नाहीत.

"जाऊन सांगून टाका" असं मी म्हणाले नाही. तो निर्णय माझा नव्हे. लूक 14 मध्ये बुरूज बांधणारा आधी बसून खर्चाचा हिशेब करतो, आपणही करू, एवढं सुचवलं. कागद घेतला. सांगितलं तर वाईटात वाईट काय? नोकरी जाईल. गेली तर घर किती महिने चालेल? हे त्यांना माहीतच नव्हतं. त्यांनी बायकोला फोन लावला, माझ्यासमोरच. ती म्हणाली, "आरडी आणि जे आहे ते धरून साडेतीन महिने. का हो?"

फोन ठेवल्यावर त्यांचा चेहरा पाहण्यासारखा होता. ज्या पैशाला ते अविश्वास म्हणत होते, त्याच पैशाच्या आधाराने त्यांना खरं बोलता येणार होतं.

इथे मान्न्याचा, म्हणजे रानात देवाने इस्राएल लोकांना रोज पुरवलेल्या अन्नाचा, धडा उपयोगी पडतो. रविवारच्या शाळेत तो मुलांना गोष्ट म्हणून सांगितला जातो आणि त्यातला हिशेब राहून जातो. माणशी एक ओमर, म्हणजे साधारण दोन लिटर. पाठवणारा देव, पण पहाटे उठून गोळा करायचं लोकांनीच. ऊन तापलं की ते वितळायचं. भीतीपोटी रात्रभर ठेवलेल्यात किडे पडले. सहाव्या दिवशी मात्र दुप्पट गोळा करून ठेवायची आज्ञाच होती, आणि ते नासलं नाही (निर्गम 16). म्हणजे साठवणं हे एरवी अविश्वास आणि सांगितलं तेव्हा आज्ञापालन. तीन-चार महिन्यांचा घरखर्च बाजूला असणं हे शुक्रवारचं दुप्पट माप समजावं. पाच वर्षांचा खर्च बँकेत असूनही मोलकरणीचा पगार वाढवताना हात आखडतो, तिथे किडे शोधावेत.

बायकोचा विश्वास किती, हे तपासायचं काम नवऱ्याला कुणी दिलेलं नाही, हेही या निमित्ताने बोलले. ज्या टिळकांची गीतं आपण मंडळीत गातो, त्या ना. वा. टिळकांचा बाप्तिस्मा 1895 चा आणि त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचा 1900 चा. मध्ये पाच वर्षं. एका घरातली दोन माणसंही आपापल्या वेळेने पोचतात.

दानाचा विषय निघाला तेव्हा कळलं की दशमांश, म्हणजे मिळकतीचा दहावा भाग देवाला देणं, चुकत नव्हता, पण त्यासाठी मित्रांकडून हातउसने घेतलेले होते, आणि आईच्या बीपीच्या गोळ्या धाकटा भाऊ आणत होता. किती टक्के द्यावं हे मी ठरवत नाही, ते नवरा-बायकोने पाळकांशी बोलून ठरवावं. पण उसने काढून दिलेलं दान देवाच्या नावावर आणि फेड मित्राच्या खिशातून, हे चालायचं नाही. "कुर्बान", म्हणजे हे देवाला वाहिलेलं आहे, असं म्हणून आईबापांना टाळणाऱ्यांना येशूने काय सुनावलं ते मार्क 7 मध्ये आहे, आणि 2 करिंथ 8:12 मध्ये पौल जवळ असेल त्याप्रमाणे म्हणतो, नसेल त्याप्रमाणे नव्हे. त्यांनी उसनवारीची यादी केली, तीन नावं निघाली. आधी ती फेडायची ठरली.

रोजच्यासाठी मी एक वही देते. पानाच्या मध्ये रेघ. डावीकडे माझ्या हातात, उजवीकडे देवाच्या हातात. रात्री जेवण झाल्यावर दहा मिनिटं, तीनपेक्षा जास्त नोंदी नाहीत. डावीकडच्या नोंदीत क्रियापद आणि वेळ हवीच. "फीचं बघायचं" असं चालत नाही. "सोमवारी अकराला शाळेच्या ऑफिसात हप्त्यांचं विचारणे" असं चालतं. चुका ठरलेल्या आहेत. भाविक माणसं बँकेला करायचा फोनसुद्धा उजवीकडे टाकतात आणि त्याला भरवसा म्हणतात. कामसू माणसं मुलाचा स्वभाव डावीकडे लिहितात. पंधरा दिवसांनी वही पाहिली की दोन्ही रोग दिसतात.

प्रार्थनेसाठी स्तोत्र 13 देते. सहाच ओव्या आहेत. पहिल्या दोनांत तक्रार, कोठवर विसरणार म्हणून. पुढच्या दोनांत मागणं, शेवटच्या दोनांत भरवसा. तसंच आपलं म्हणायचं, मोठ्याने, स्वतःच्या भाषेत, दोन मिनिटं तक्रारीला. आपल्याकडे थेट पाचव्या ओवीवर उडी मारायची सवय आहे, "धन्यवाद प्रभू" करून. न बोललेली तक्रार मग रात्री दोनला उठवते. आणि कधी भरवशाच्या ओव्या तोंडून निघाल्याच नाहीत तर सोडून द्यावं. स्तोत्र 88 अंधारातच संपतं, तरी ते बायबलमध्येच आहे. डोळे मिटून बायबल उघडायचं आणि बोट पडेल ते वचन निकाल म्हणून घ्यायचं, हे मात्र बंद करा. चिंतेच्या दिवसांत बोट नेमकं शापाच्या ओवीवर पडतं आणि माणूस आठवडाभर जेवत नाही.

एक गोष्ट कडकपणे सांगते. बीपी, शुगर, थायरॉइड किंवा मानसोपचाराच्या गोळ्या विश्वासाची खूण म्हणून कधीही बंद करू नका. पौलाबरोबर "प्रिय वैद्य लूक" होता. दोन आठवडे झोप गेलेली असेल, जेवण तुटलं असेल, देवाविरुद्धचे घाण विचार नको असताना पुन्हा पुन्हा येऊन दिवसातून दहादा क्षमा मागावी लागत असेल, तर तो विश्वासाचा प्रश्न नसून बहुधा आजार आहे आणि त्यावर उपचार आहेत. मानसोपचारतज्ज्ञाकडे जा. मरावंसं वाटत असेल तर थांबू नका. सरकारी टेलिमानसचा 14416 हा नंबर दिवसरात्र चालू असतो.

आठव्या भेटीच्या आदल्या दिवशी त्यांनी क्वालिटी हेडला त्या जुन्या लॉटचा नंबर सांगितला. जाताना पाय लटपटत होते, छाती तशीच धडधडत होती, आणि तरी गेले. कंपनीने ग्राहकाला कळवलं, उरलेला माल शंभर टक्के तपासून वेगळा काढला. यांना मेमो मिळाला. सुपरवायझर पंधरा दिवस बोलला नाही. नोकरी राहिली, पण ती राहील असं आधी कुणीच म्हणालं नव्हतं. मेमोची झेरॉक्स त्यांनी घडी करून बायबलमध्ये ठेवली आहे, त्या पाच तारखांच्या पानाला लागून. सहावी तारीख लिहिलेली नाही.

अकराव्या भेटीत निघताना "मी प्रार्थना करू का?" म्हणाले. पूर्वी त्यांची प्रार्थना दहा मिनिटांच्या आत संपत नसे. या वेळी तीन वाक्यं झाली. एक सुपरवायझरसाठी, एक बायकोच्या गुडघ्यासाठी. तिसरं, "उद्याची काळजी वाटतेय, ती तुला माहीत आहे." आमेन म्हणून हेल्मेट उचललं. तीनची पाळी होती, आणि वाटेत पोस्टात आरडी भरायची होती.