फुकेतला एक दिवस: घड्याळ कुणाचं धरायचं ते आधी विचारा

तासगावच्या ज्या दादांनी काल विचारलंय की सिंगापूरवरून चार दिवसांची क्रूझ आहे, मधे एक दिवस थायलंडमधे फुकेतला जहाज थांबणार, आईचे गुडघे दुखतात, आणि एजंट म्हणतोय जहाजाची सहल घेऊ नका, बाहेरून स्पीडबोटीची फी फी बेटाची घ्या, माणशी दोन हजार वाचतील, तर घेऊ का, त्यांच्यासाठी लिहितेय. वाचताना पोटात गोळा आला, कारण हेच "माणशी दोन हजार वाचतील" आम्हाला सांगलीत एका ऑफिसात चहा पाजून सांगितलं होतं. ऑफिसचं नाव घेत नाही, उगाच वाद नको.

व्हिसा, विमा, फोनचं रोमिंग हे तुम्ही बघितलंच असणार, त्यात शिरत नाही. मी काही या धंद्यातली नाही, दोन क्रूझ केल्यात एवढंच. आणि जहाजागणिक नियम वेगळे असतात, तेव्हा माझं ऐकून वर स्वतः खात्री करा.

आमचं नुकसान झालं ते वेळेवरून. सिंगापूरचं घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढं आणि थायलंडचं दीड तास पुढं, म्हणजे फुकेत सिंगापूरच्या एक तास मागं. आमचं जहाज अख्ख्या प्रवासात सिंगापूरच्याच वेळेवर चालत होतं. काही जहाजं बंदरापुरती घड्याळं बदलतात, आमचं बदलत नव्हतं. आणि आपला मोबाईल काय करतो, किनाऱ्यावर पाय ठेवून नेटवर्क पकडलं की गुपचूप एक तास मागं जातो, सांगत पण नाही.

मी अडाणीपणाने गेले नव्हते हो. निघायच्या आठ दिवस आधी त्या ऑफिसला फोन करून मुद्दाम विचारलं होतं, की तुमच्या कागदावर "शेवटची होडी सायं. ५" लिहिलंय (किनाऱ्यावरून जहाजावर परत नेणारी होडी) ते पाच कुठले? पलीकडून उत्तर आलं, "मॅडम, जिथं जाल तिथलंच घड्याळ धरायचं." मी ते वहीत लिहून घेतलं. ती वही अजून आहे माझ्याकडं.

फी फी आम्ही नाही केलं, आत्यांना (सासूबाईंना) स्पीडबोट झेपणार नाही हे दिसतच होतं. त्याच ऑफिसातून गाडी ठरवली, "वाट चलाँग" नावाचं बुद्धमंदिर आणि मग जुनं फुकेत गाव. खरं सांगते, दिवस फार छान गेला. थलांग रोडवर कथलाच्या खाणींच्या काळातली व्यापाऱ्यांची रंगीत घरं आहेत, पुढं कमानींची पडवी, तिच्यातून सावलीसावलीने चालता येतं. आत्यांनी बहिणीसाठी बाटिकचं कापड घेतलं, शहाळं प्यायल्या. माझ्या मोबाईलवर तीन वाजायला दहा कमी होते. मी म्हटलं अजून दोन तास आहेत, निवांत बसू. मिस्टरांचं मनगटी घड्याळ जहाजाच्या वेळेवर लावलेलं होतं, पण समुद्राचं पाणी लागेल म्हणून ते केबिनमधेच ठेवून आलेले.

तेवढ्यात आमच्याच जहाजावरचं एक सुरतचं कुटुंब जवळजवळ पळतच जाताना दिसलं. त्यातल्या काकांनी ओरडून सांगितलं, "अरे चार बजने आए, आप लोग बैठे क्या हो?" त्यांच्या हातावरच्या घड्याळात चारला दहा कमी होते. माझ्या हातापायातलं बळच गेलं.

गावातून पातोंगच्या किनाऱ्यापर्यंत, जिथून आमची होडी सुटणार होती, अंतर पंधरा किलोमीटरच्या आसपास, पण मधे डोंगराचा वळणावळणाचा चढ आहे आणि दुपारनंतर तिथं गाड्यांची रांग लागते. आपल्या यवतेश्वरच्या घाटात रविवारी अडकल्यावर कसं होतं, तसं. जीव टांगणीला लागलेला, पासपोर्ट तर जहाजावर जमा करून घेतलेले, जवळ नुसत्या झेरॉक्स. पोचलो तेव्हा आठ मिनिटं उरली होती. पातोंगला मोठं जहाज किनाऱ्याला लागत नाही, खाडीत लांब नांगर टाकतं आणि छोट्या होड्यांनी ने-आण करतात. होडीपर्यंत जायला वाळूवरून चालत जायचं आणि पुढं पाण्यावर तरंगणारी प्लास्टिकच्या ठोकळ्यांची वाट. ती ओली असते आणि लाटेसरशी खालीवर होते. आत्या एका हातात कापडाची पिशवी, दुसऱ्या हातात लुगड्याचा ओचा धरून घाईघाईने त्यावर चढल्या आणि पाय वाकडा पडला. पिशवी सोडली नाही त्यांनी, गुडघ्यावरच बसल्या. होडी मिळाली, पण गुडघा संध्याकाळपर्यंत भोपळ्यासारखा सुजला. पुढचे दिवस केबिनमधे, सिंगापूरला व्हीलचेअर, आणि परत आल्यावर मिरजेत डॉक्टर, लिगामेंटला मार, दीड महिना पट्टा. त्या बाईंनी आयुष्यात पहिल्यांदा समुद्र ओलांडला होता. मला त्याचंच जास्त लागतं.

परत आल्यावर त्या ऑफिसात वही घेऊन गेले. साहेब बाहेर गेलेत. दुसऱ्यांदा गेले, साहेब मिटिंगमधे. तिसऱ्यांदा बुकिंगच्या कागदाच्या पाठीमागचा बारीक मजकूर दाखवला, "वेळेची जबाबदारी प्रवाशाची". मला पैसे नको होते हो. चूक झाली, पुढच्याला नीट सांगू, एवढं म्हणाले असते तरी बास होतं.

तर दादा, माझं स्पष्ट मत, आईला घेऊन बाहेरची स्पीडबोट नको. जहाजाने स्वतः विकलेली सहल उशिरा आली तर जहाज थांबतं किंवा पुढची सोय ते बघतात. बाहेरच्या सहलीसाठी कोणी थांबत नाही, पुढच्या बंदरापर्यंत विमानाने स्वतःच्या खर्चाने जा. दोन हजार त्यापुढं काहीच नाहीत. शिवाय फी फी जवळ नाही, चाळीस-पन्नास किलोमीटर खुल्या समुद्रातून, आणि लाट असली की स्पीडबोट अशी आपटते की चांगल्या माणसाची कंबर धरते. तिथल्या "माया बे" नावाच्या खाडीत पोहायला पण देत नाहीत, प्रवाळ वाचवायला २०१८ ला बंदच केली होती, २०२२ ला उघडली. तरुण मंडळी असतील तर जरूर जा, पण लाईफ जॅकेट अंगात घालूनच बसा, मांडीवर ठेवून नाही. फुकेतजवळ जुलै २०१८ मधे फिनिक्स नावाची पर्यटकांची बोट वादळात बुडाली आणि ४७ माणसं गेली.

आदल्या रात्री केबिनमधे दुसऱ्या दिवसाचा कागद येतो, त्यावर शेवटच्या होडीची वेळ असते, त्याचा फोटो काढा. जहाज सुटायची वेळ वेगळी, ती बघून फसू नका. रिसेप्शनला जाऊन जहाजाचं घड्याळ आणि किनाऱ्याचं घड्याळ एकच आहे का, असं सरळ विचारा. एक हातातलं साधं घड्याळ जहाजाच्या वेळेवर लावा आणि ते घालूनच उतरा. दीड तास हातात ठेवून परत फिरा.

आई शाकाहारी असतील तर तिथं "जे" म्हणायचं, पिवळ्या पाटीवर लाल अक्षरांचं ते चिन्ह बघा, नुसतं व्हेज म्हटलं तर भाजीत फिश सॉस येतो. भडंगाची सीलबंद पाकिटं आमची जहाजावर चालली, घरचे लाडू काढून ठेवायला लावले. फळं मात्र जहाजावरून किनाऱ्यावर नेऊ नका.

आणि व्हीलचेअर न्यावी का विचारलंय, तर होडीतून उतरायचं असेल तेव्हा लाट जास्त असली की व्हीलचेअरवाल्यांना उतरू देत नाहीत. आईंना चार-पाच पायऱ्या हात धरून उतरता येतात का ते घरीच बघा, आणि नसेल जमत तर बुकिंग करायच्या आधी जहाज फुकेतला धक्क्याला लागणार की खाडीत थांबणार हे एजंटकडून लेखी घ्या.